वाघोबाच्या खांबाची सावली

अकोले तालुक्यात राजूरच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर, पांढऱ्या वाळूची एक लहानशी खाण आहे. वैशाखात मी तिथे जाऊन आलो. परतल्यावर नगरच्या सावेडीतल्या शेजाऱ्यांनी विचारले, "गुरुजी, तिकडे कोणते देवस्थान?" देवस्थान होते खरे, परंतु ज्या जागी ते होते तिथे ते आता नाही, आणि ते तिथून हलवावे याच कामासाठी मला नेले होते. ज्यांनी तो भाग पाहिला नाही आणि या वयात माझ्यासारखे पाहायला जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लिहिताना मधूनमधून थांबावे लागते. अंगातला प्रवास अजून उतरलेला नाही.

नगर : भाच्याची भट्टी

माझा भाचा सुधाकर औद्योगिक वसाहतीत ओतकामाचा छोटा कारखाना चालवतो. पाण्याच्या पंपांची लोखंडी कवचे तिथे ओतली जातात. मी तिथे प्रथमच गेलो. एका कोपऱ्यात साखरेसारखी पांढरीशुभ्र वाळू रचलेली होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोळशासारखी काळी. सुधाकर म्हणाला, "मामा, दोन्ही एकच. ही आलेली, ती जळालेली." पांढऱ्या वाळूत चिकणमातीची पूड आणि थोडे पाणी कालवून लाकडी नमुन्याभोवती ती ठोकून बसवतात, नमुना अलगद काढतात, आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. नदीची वाळू त्या उष्णतेत टिकत नाही. ही सिलिकाची वाळू टिकते. लोखंड थंड झाल्यावर साचा फोडायचा. इतक्या काळजीने घडवलेली वस्तू फोडण्यासाठीच घडवलेली असते, हे पाहताना मला गणेशोत्सवातल्या पार्थिव मूर्तीची आठवण झाली.

त्याने मला वाळू पाहायला बोलावले नव्हते. खाणीवरच्या लोकांचा वाघोबा होता. वाघ आणि सूर्यचंद्र कोरलेली शिळा, डोंगरातल्या गुराख्यांचा राखणदार. खाण सुरू झाली तेव्हा शिळेला हात लावायचा नाही असे ठरले. मग शिळेच्या चारी बाजूंनी वाळू निघत गेली, खाण खोल गेली, आणि शिळा जिथल्या तिथे राहिली. मी गेलो तेव्हा ती दोन पुरुष उंचीच्या वाळूच्या खांबावर उभी होती.

"आणि बायका त्याच खांबाखाली बसून वाळू चाळतात," सुधाकर म्हणाला. "पहिल्या पावसात तो खांब बसणार, मामा. मी कितीदा सांगितले. कोणी देव हलवायला तयार नाही. देवाचे सगळे करणारा त्यांचा भगत वारला. खाणीवरचा कोंडाजी म्हणतो, शास्त्र जाणणारा माणूस आणा."

जीर्ण वा धोक्यातील मूर्ती काढण्याचा विधी मला ठाऊक होता. गुडघे नको म्हणत होते. मी होकार दिला.

राहुरीवरून पुढे

वाळू आणणारा टेम्पो रिकामा परतणार होता, त्यातच माझी सोय झाली. चालक प्रकाश हा राहुरीकडचा बौद्ध कुटुंबातला तरुण. माझी विधीच्या साहित्याची पिशवी आणि काथ्याचा नवा लांब दोर त्याने मागे हौद्यात टाकला आणि मला दोन्ही हातांनी उचलल्यासारखे करून वर बसवले.

"गुरुजी, दोर कशाला? देव पळून जाईल म्हनून?"

मी सांगितले की, स्थिर मूर्ती काढताना दोराचे एक टोक मूर्तीला आणि दुसरे बैलाच्या वशिंडाला बांधायचे असते. माणसाने ओढायचे नाही, बैलाने ओढायचे, असा संकेत आहे.

"म्हंजे बैलाचा टेम्पो," तो म्हणाला, आणि त्याच विनोदावर कोल्हारचा पूल येईपर्यंत स्वतःशी हसत राहिला.

टेम्पो पुरता रिकामाही नव्हता. भाच्याने नाकारलेली जाड दाण्याची काही पोती राहुरीजवळच्या एका गावच्या पाणीशुद्धीकरण केंद्रात उतरवायची होती. साच्याला जो दाणा जाड पडतो तोच पाणी गाळायला हवा असतो. तिथल्या हौदात खाली गोटे, वर खडी आणि सर्वांत वर ही वाळू पसरलेली होती. गढूळ पाणी वरून शिरत होते आणि खालून निर्मळ होऊन निघत होते. राखणदाराने पेला भरून दिला. "प्या बाबा, तुमच्या डोंगराचं गाळप हाय." एवढे थंड पाणी त्या दिवसात पुन्हा मिळाले नाही.

पुढे ऊस संपत गेला, संगमनेर मागे पडले, रस्ता चढू लागला आणि माझी पाठ प्रत्येक खड्ड्याची वेगळी नोंद ठेवू लागली. राजूरला प्रकाशने पेढे घेतले. येथले पेढे न घेता परतलो तर घरी प्रवेश नाही, असे म्हणाला. आम्हाला नगरला भाजलेल्या खव्याची सवय नाही. याचा करपट गोडवा मला आवडला. मात्र पिशवी उघडल्यावर कळले की हौद्यातली वाळू सर्वत्र शिरली आहे. अक्षतांत वाळू, कुंकवात वाळू, गंधाच्या डबीतही वाळू. शुद्ध साहित्य म्हणून जे आणले ते सर्व खाणीनेच आधी स्पर्शून ठेवले होते.

रात्री कोंडाजीच्या घरी अंथरुणावर पडलो तो पाय आहेत की नाहीत याचा विचार न करता झोपलो.

खाण

आपला जिल्हा काळ्या पाषाणाचा. त्या काळ्या डोंगराच्या कुशीत अचानक एक पांढरी जखम दिसते. गारेच्या पांढऱ्या दगडाचा पट्टा कुजून भुसभुशीत झालेला आहे. पहार लावली की ढासळतो. मोठी ढेकळे हातोड्याने फोडतात, बारीक झालेला माल टाकीत धुतात, उन्हात पसरतात आणि चाळतात. चार-पाच घरांचा हा उद्योग. यंत्र म्हणावे असे एकच, आणि ते त्या दिवशी बंद होते. सकाळच्या उन्हातच त्या पांढरेपणाने डोळे मिटू लागले. जमिनीवर सावली अशी कुठेच नव्हती.

एका ठिकाणी होती. खाणीच्या मधोमध तो खांब उभा होता. वर शेंदूर लावलेली शिळा, खाली तिच्या पायाशी निमुळती काळी सावली, आणि त्या सावलीत तोंडाला पदर बांधून तीन बायका चाळणी हलवत होत्या. वरच्या कडेपासून खांबाच्या माथ्यापर्यंत बांबूंचा अरुंद साकव टाकला होता. त्यावरून रोज कोणीतरी दिवा लावायला जात असे.

मी हात जोडले. भक्तीमुळे काय घडू शकते याचे इतके स्पष्ट रूप मी कधी पाहिले नव्हते. देवाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी देवाखालची सगळी जमीन काढून घेतली होती.

कोंडाजी हा खाणीचा कर्ता पुरुष, पन्नाशीचा, बोलण्यात मऊ. त्याने स्वतःचा बैल धुऊन, शिंगांना गेरू लावून आणला होता. मी आसन मांडले, दोर काढला आणि विधीचा क्रम समजावून सांगू लागलो. चाळणीचा आवाज थांबला.

"काय म्हनले?" तीन बायकांतल्या सर्वांत वयस्कर बाईंनी पदर खाली ओढला. या ठकूबाई, वारलेल्या भगताच्या पत्नी. "बैलाला बांधायचं?"

"होय बाई. बैलाने मूर्ती ओढायची."

त्या हसू लागल्या. हसता हसता खोकला लागला, तो आवरून म्हणाल्या, "आवं बाबा, वाघाला बैलानं वढायचं? सगळं रान हसंल. वाघबारशीला आमी ह्याला खीर घालतो ती कशापायी? आमच्या गुरांकडं बघू नको म्हनून! आन तुमी बैलच त्याच्या गळ्यात बांधता?"

दुसरी बाई म्हणाली, "आपल्याला दिसतो बैल, त्याला दिसंल घास."

प्रकाश टेम्पोला टेकून उभा होता. त्याने तोंड फिरवले. खांदे मात्र हलत होते.

कोंडाजी ओशाळला. "वैनी, गुरुजी नगरवरनं आल्यात. शास्त्रात हाय ते."

"शास्त्रात वाघ हाय का?"

मी विचार केला. देव होते, लिंगे होती, राजांनी स्थापलेल्या मूर्ती होत्या. गुराख्यांचा वाघ कुठे नव्हता. "नाही," मी म्हणालो आणि दोराची गुंडाळी करू लागलो. बैल परत गेला. सारा प्रवास याच दोरासाठी झाला होता, आणि आता तो माझ्या मांडीवर एखाद्या झोपलेल्या मांजरासारखा पडून होता.

सावलीत

दुपारी ऊन इतके चढले की मला उभे राहवेना. मी सरळ जाऊन खांबाच्या सावलीत बसलो. ठकूबाईंनी सरकून जागा दिली. फडक्यातून नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी काढली आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. आमच्या घरी भाकरी बाजरीची. नागलीची ही काळसर भाकरी जड, पण पोटाला शांत. मी पहिला घास मोडला तोच वरून वाळूची बारीक धार त्या भाकरीवर पडली.

ठकूबाईंनी न पाहताच बोटांनी ती झटकली. "पडती रोज."

"रोज?"

"ऊन तापलं की. त्यो जागा झाला म्हनायचं."

मी वर पाहिले. खांबाला मध्यावर एक तडा होता आणि धार तिथूनच येत होती. "बाई, तुम्ही इथून उठत का नाही?"

"कुटं जाऊ? तिकडं उनात चाळू? ह्या बयांच्या डोळ्याला पानी लागतं. लगीन करून आले तवा ह्यो जमिनीवर हुता, आता माझ्या डोक्यावर हाय. एवढ्या सालात पडला न्हाई." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आन न्यायचा कसा ते तुमी कुनी इचारलंच न्हाई. फॅक्टरीवाल्याला जाऊन सांगितलं, हिकडं ठकी बसली हाय ती दिसली न्हाई."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"सासूनं सांगितल्यालं. तिच्या सासूच्या काळात एकदा हलवलाय, वरच्या रानातनं हितं. खीर करायची. भगतानं म्होरं व्हायचं, खिरीची धार लावीत. त्यो धारंच्या मागं येतो. मागं वळून बघायचं न्हाई, त्याला चालताना बघितल्यालं आवडत न्हाई. पन भगत कुटं हाय आता? पोरगं माझं नाशकाला कंपनीत. आन ही मानसं म्हनत्यात, बाईचा हात चालायचा न्हाई, त्यात रांडमुंड."

शेवटचा शब्द त्या अगदी सहज बोलल्या, जसे कोणी स्वतःचे गाव सांगावे. कोंडाजी जवळच होता. त्याने नजर खाली घातली.

"म्हनून मी म्हनते, ऱ्हाऊ द्या," ठकूबाई म्हणाल्या. "सावली तरी हाय."

भाकरी संपली. कोंडाजी म्हणाला, "गुरुजी, चला, घरी पडा वाईच." उठावे असे वाटत होते, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही, आणि खरे सांगायचे तर मनानेही दिली नाही. पुन्हा बारीक धार आली, ती या वेळी माझ्या खांद्यावर.

"मी येथेच बसतो," मी म्हणालो. "या बाई उठतील तेव्हा उठेन."

"आवं बाबा, उटा की!" ठकूबाई खऱ्याच घाबरल्या. "तुमी पावनं. तुमच्या अंगावर आला तर पाप आमाला."

"आणि तुमच्या अंगावर आला तर?"

चाळणी गुडघ्यावर धरून त्या वर पाहत राहिल्या. धार थांबली होती. मग फार हळू, हात टेकून त्या उठल्या आणि शेजारच्या बायकांना म्हणाल्या, "उटा गं. म्हातारं मरंल हितं."

उन्हात आल्यावर कोंडाजीने मला विचारले, आणि सगळ्यांच्या देखत विचारले, की शास्त्र काय म्हणते, हिचा हात चालतो का. एवढ्याच प्रश्नासाठी मी इतक्या लांब आलो होतो असे मला तेव्हा वाटले. मी म्हणालो, "हा देव ज्या घरचा, त्या घरचा हात त्याला चालतो. भगताच्या घरात आज या आहेत. याउपर मला विचारू नका, त्यालाच विचारा."

कोंडाजी ठकूबाईंकडे वळून म्हणाला, "दूध किती लागंल, वैनी?"

हिरड्याखाली

दुसऱ्या सकाळी ऊन चढण्यापूर्वी खाणीच्या वरच्या अंगाला, जुन्या हिरड्याच्या झाडाखाली तीन दगडांवर खीर शिजली. तांदूळ जाड, गूळ भरपूर. झाड आधी ठकूबाईंनी निवडले, नंतर सगळ्यांनी त्याला पसंती दिली.

माझे सोवळे, माझे मंत्र, वाळू शिरलेल्या अक्षता, यांपैकी कशाचीच गरज नव्हती. तरी ठकूबाईंनी मला काम दिले. "बाबा, तुमी हितं बसा. त्यो येईल तवा कुनी तरी बसल्यालं असावं. रिकाम्या घरी पावना कसा येनार?" मी हिरड्याला टेकून बसलो. एवढे सुखाचे पौरोहित्य मी आयुष्यात केले नाही.

कोंडाजी आणि त्याचा भाऊ साकवावरून पुढे गेले. साकव वाकत होता. शिळेभोवती गोधडी गुंडाळून त्यांनी ती झोळीत घेतली. ती उचलताच खांबाच्या माथ्यावरून वाळूचा एक थर खाली सांडला आणि खाली उभे असलेले एकदम मागे सरले. ठकूबाई साकवाच्या मधोमध होत्या. त्यांनी खाली पाहिले नाही. पितळी गडव्यातून खिरीची बारीक धार सोडत, पाठ खांबाकडे ठेवून, त्या कडेकडे चालत आल्या. त्यांच्यामागे झोळी. फक्त बांबूंची करकर, आणि ठकूबाई दर दोन पावलांना अगदी घरच्यासारखे म्हणत होत्या, "ये रं बाबा. ये. हळू ये."

मागे वळून पाहायचे नाही हा नियम त्यांच्यासाठी होता. मी समोर होतो, मला येणारा देव दिसत होता. दृश्य एवढेच: घामेजलेले दोन पुरुष, मळकी गोधडी आणि पुढे एक कृश बाई. मी डोळे मिटले. त्याला चालताना पाहिलेले आवडत नाही, हे लक्षात ठेवले.

शिळा झाडाखाली बसली. शेंदूर लागला. सगळ्यांनी पानावर खीर घेतली. खाल्ल्यावर प्रकाश माझ्या कानाशी म्हणाला, "गुरुजी, मी हात जोडत न्हाई, पन खीर मला दोनदा वाढली. त्याला चालतं ना?" मी म्हणालो, "मलाही दोनदा वाढली."

दोर

खांब मात्र उभाच होता. आता तो नुसती वाळू होता, पण कोणाचा टिकाव उचलला जाईना. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघे. कोंडाजी म्हणाला, देव बसल्याली जागा हाय. शेवटी प्रकाश पुढे आला.

"माझ्या गाडीला बांधा. मला अडचन न्हाई, आन गाडीला तर न्हाईच. गुरुजींचा दोर हाय की!"

ठकूबाई म्हणाल्या, "पन गाठ बाबांनी मारायची." म्हणजे दोष लागलाच तर तो पाहुण्याबरोबर डोंगर उतरून जाईल. मला ते न्याय्य वाटले. खांबाला लांब काठ्यांनी दोराचा वेढा घातला. टेम्पोच्या मागच्या आकड्याला गाठ मी मारली. सुटू नये म्हणून दोनदा मारली.

प्रकाशने टेम्पो पुढे घेतला. दोर ताणला, क्षणभर काही झाले नाही, मग तो उंच खांब मध्यावरच्या तड्यापाशी मोडला आणि खाली बसला. फार मोठा आवाज झाला नाही. धान्याचे पोते एकदम रिकामे करावे तसा. पांढरा धुरळा उठला, सगळ्यांनी तोंडावर कापड धरले. धुरळा निवळला तेव्हा बायकांची चाळण्याची जागा वाळूखाली गेली होती, नेमकी तीच, जिथे आदल्या दुपारी मी भाकरी खाल्ली. ठकूबाईंनी तिकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले नाही.

पुरुषांनी ती वाळू टेम्पोत भरायला घेतली. चाळलेली आणि न चाळलेली, दोन्ही. माथ्यावर ऊन आले. खाणीत आता सावली उरली नव्हती. तेव्हा बायका हळूहळू टेम्पोच्या कडेला येऊन बसल्या, चाकांच्या आडोशाला, आणि फडकी सोडली.

"सावली नेली ना आमची," ठकूबाई मला म्हणाल्या. राग नव्हता, थकवा होता, आणि तो मला ओळखीचा होता.

"सुधाकरला सांगतो, ताडपत्री पाठवील."

"सांगा. समदे सांगत्यात." मग त्यांनी अर्धी भाकरी फडक्यात बांधून माझ्या हाती दिली. "वाटंत खावा. वाळू न्हाई हिच्यात."

प्रकाशने हाक दिली, "चला गुरुजी, घाट उजेडात उतरू." मला पुन्हा उचलून वर बसवले. टेम्पो सुरू झाला. सावलीत बसलेल्या बायकांना कोणी उठा म्हटले नाही. टेम्पो सरकला तशी त्यांच्या अंगावरून सावलीच उठली. बाजूच्या आरशात मी पाहत होतो. भर उन्हात ठकूबाई क्षणभर तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी फडके गोळा केले, हात टेकून उठल्या, आणि बाकीच्या दोघींना मागे घेऊन वरच्या हिरड्याकडे, खिरीची धार जिथून गेली होती त्या वाटेने, पायरी पायरीने चढू लागल्या. आता जेवायला त्यांना रोज त्याच्याकडे जावे लागणार होते.

त्या वळून पाहत नव्हत्या. मीही आरशातून नजर काढून घेतली.